लाइट आली की ४६ डबे एकदम सर्व्हरवर: कनेक्ट फसल्यावर किती थांबायचं?

बहारवाला · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमचं संत्र्याचं गाव. आम्ही बागाईतदारांनी मिळून ४६ बागांमध्ये मातीतला ओलावा मोजणारे डबे बसवले आहेत. डब्यात लहानसं लिनक्स बोर्ड, फोरजी डोंगल आणि एक फूट व दोन फुटांवर गाडलेले सेन्सर. प्रोग्राम मी सी मध्ये लिहिला. सर्व्हरही माझाच, सी मध्येच, भाड्याच्या एका छोट्या मशीनवर चालतो.

सध्या आंबिया बहाराचा ताण सुरू आहे, म्हणजे फूल यावं म्हणून झाडांचं पाणी बंद ठेवलंय. ताण कधी तोडायचा ते या आकड्यांवरून ठरवायचं होतं, आणि नेमके आत्ताच आकडे येईनासे झालेत. विहिरींत पाणी मोजकं आहे. चार दिवस आधी पाणी सोडलं तर फूल नीट निघत नाही, चार दिवस उशीर झाला तर झाड मार खातं. म्हणून जरा घाईनं विचारतोय.

डबे मोटारीच्या खोलीतल्या लाइनवर आहेत. आतल्या बॅटऱ्या दोन उन्हाळ्यांत संपल्या. सगळ्या बागा एकाच शेती फिडरवर, त्यामुळे थ्री फेज आली की ४६ डबे एकाच वेळी चालू होतात. पहिले पाच-सहा सर्व्हरला लागतात. बाकीच्यांचा टाइमआउट होतो, पाच सेकंद थांबतात, पुन्हा कनेक्ट, पुन्हा टाइमआउट. अर्धा-पाऊण तास हेच चालतं. काही डबे तर लागतच नाहीत, आणि साधारण चार तासांनी पूर्ण गप्प होतात. मग कोणीतरी बागेत जाऊन स्विच बंद-चालू करायचा.

आधी साधा ब्लॉकिंग कनेक्ट होता, तो दोन-दोन मिनिटं अडकून बसायचा. म्हणून सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) नॉन-ब्लॉकिंग केलं, पोलला (जोडणी झाली का ते पाहत थांबणारा कॉल) १० सेकंद दिले, नाही जमलं तर ५ सेकंद झोप आणि पुन्हा पहिल्यापासून. सर्व्हर एका वेळी एकच पाहुणा घेतो: ॲक्सेप्ट, टीएलएसचा हँडशेक (सुरक्षित जोडणीची ओळखपाळख), आकडे घेणं, बंद. लिसनला, म्हणजे दारात थांबणाऱ्यांच्या रांगेला, ५ दिलेत.

कुठे चुकतंय?

कर्नलकट्टा · सोमवार, रात्री १०:१५

दोन मिनिटांचं कोडं आधी सोडवतो. कनेक्ट म्हटलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) समोरच्याला सिन, म्हणजे जोडणीची पहिली हाक, पाठवतो. उत्तर नाही आलं तर १ सेकंदानं पुन्हा, मग २, ४, ८, १६, ३२ असं अंतर दुप्पट करत एकूण सहा वेळा पुन्हा पाठवतो, आणि शेवटच्यानंतर ६४ सेकंद वाट पाहतो. बेरीज करा: १२७ सेकंद. त्यानंतर ईटाइम्डआउट. म्हणजे तुमचा प्रोग्राम काही न करताही कर्नल स्वतः थांबत-थांबत हाका मारतच असतो. तुमच्या १० सेकंदांत त्याच्या चार हाका जातात: ०, १, ३ आणि ७ व्या सेकंदाला. (हे जुन्या कर्नलचं गणित. ६.५ पासून पुढे सुरुवातीच्या काही हाका दर सेकंदाला जातात. तुमचा कर्नल कोणता ते सांगा.) टाइमआउट ३ सेकंदांवर आणलात तर दोनच हाका जातील आणि कमकुवत रेंजमध्ये उगाच जास्त फसेल. १० ठीक आहे, त्याला हात लावू नका.

आता चार तासांनी गप्प होण्याबद्दल एक प्रश्न. पोलचा टाइमआउट झाल्यावर तुम्ही सॉकेट क्लोज करता का?

बहारवाला · सोमवार, रात्री १०:३२

कर्नल ४.१९ आहे.

आत्ता कोड उघडून पाहिला. एरर आली तर क्लोज आहे. टाइमआउटच्या फांदीत मात्र सरळ कंटिन्यू लिहिलंय. क्लोज नाही.

कर्नलकट्टा · सोमवार, रात्री १०:३८

मग सापडलं. एका प्रोसेसला साधारणपणे १०२४ फाइल उघड्या ठेवायची मुभा असते, सॉकेटही त्यातच मोजलं जातं. १० सेकंद टाइमआउट आणि ५ सेकंद झोप, म्हणजे दर १५ सेकंदांना एक सॉकेट गळतंय. सुरुवातीपासून उघड्या असलेल्या तीन वजा केल्या तर १०२१ गुणिले १५ म्हणजे १५,३१५ सेकंद. सव्वाचार तास. त्यापुढे सॉकेट() लाच ईएमफाइल (फाइलची मुभा संपली) येतो आणि डबा कायमचा मुका होतो.

दर फेरीला जुनं सॉकेट क्लोज आणि नवं सॉकेट, असंच करा. फसलेल्या सॉकेटवरच पुन्हा कनेक्ट मारणारे लोक आहेत आणि लिनक्सवर कधीकधी ते चालूनही जातं, पण पॉझिक्सच्या (युनिक्सछाप सिस्टिमांच्या मानकाच्या) मते त्या सॉकेटची अवस्था काय असेल ते सांगता येत नाही. टीएलएसचंही तसंच: फसला की एसएसएल_फ्री, आणि पुढच्या फेरीला नवा ऑब्जेक्ट.

शून्यपासून · सोमवार, रात्री ११:०५

गळती बंद झाली तरी मूळ दुखणं राहणारच आहे, कारण ते सर्व्हरच्या दारात आहे. मी अशाच एका कामात महिनाभर अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिसनला ५ दिलंत, म्हणजे लिनक्स रांगेत सहा जण धरून ठेवतो. सातव्याचा सिन आला की तो सरळ टाकून देतो. नकारही कळवत नाही, म्हणून समोरच्याला ईकॉनरिफ्यूज्ड मिळत नाही, तो वाट पाहत राहतो. आता तुमच्याकडे कमकुवत रेंजमध्ये निरोप जाऊन उत्तर यायची एक फेरी ६००-७०० मिलिसेकंदांची असेल असं धरू. टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.२ च्या दोन, मग आकडे. एका डब्याला दोन-तीन सेकंद लागणार. सर्व्हर एकेकाला घेतो, तेव्हा १० सेकंदांत चार-पाच डबे उरकतात आणि बाकीच्यांचा टाइमआउट होतो.

खरी मेख यापुढे आहे. रांगेत थांबलेला डबा १० सेकंदांनी निघून गेला तरी त्याचं कनेक्शन रांगेत पडूनच असतं. त्याचा टीसीपीचा हात मिळवून झालेला होता, टीएलएसचा पहिला निरोपही त्यानं पाठवून ठेवला होता. सर्व्हर त्याला ॲक्सेप्ट करतो, निरोप वाचतो, सर्टिफिकेटची सगळी आकडेमोड करतो, उत्तर पाठवतो, आणि पलीकडे कोणी नसतं. तोपर्यंत जिवंत डबा रांगेबाहेर उभा. तोही दमून जातो आणि पाच सेकंदांनी नवा होऊन परत येतो. सर्व्हर दिवसभर गेलेल्यांची सेवा करत राहतो. गर्दी संपली तरी ही घडी मोडत नाही, कारण गर्दी आता डबेच तयार करत असतात.

सर्व्हरवर आजच तीन गोष्टी करा. लिसन १२८ करा. हँडशेकला सर्व्हरच्या बाजूनंही मुदत लावा, नाहीतर रेंज गेलेला एक डबा सगळ्यांना अडवेल. आणि सिगपाइप दुर्लक्षित करा, कारण गेलेल्या कनेक्शनवर लिहिताना तो सिग्नल अख्खा सर्व्हर मारून टाकतो. एका वेळी अनेक पाहुणे घेण्याचं नंतर बघू.

आर्वी_वायरमन · मंगळवार, सकाळी ६:५०

भाऊ, मी लाइनवरचा माणूस. सी-बी मले काही समजत नाही. पोरगं हा धागा वाचून राह्यलं होतं, त्यानं आयकवला. तुमी जे सांगून राह्यले ते आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) रोज होते.

६३ केव्हीएची डीपी, तिच्यावर पाच एचपीच्या बारा-तेरा मोटारी. चालत्या मोटारीले डीपी पुरते. पण मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, अन् सगळ्यायनं स्टार्टरले ऑटो लावून ठेवलेले. लाइन आली का तेराही मोटारी एकाच टायमाले उठतात. फ्यूज जाते. कोणीतरी येते, तार टाकते, लाइन देते, पुन्हा तेराच्या तेरा उठतात, पुन्हा फ्यूज. एखाद्या दिवशी डीपीच जळते, मंग आठ-पंधरा दिवस कोणालेच पाणी नाही. हरभऱ्याले फुलावर पाणी नाही भेटलं का काय होते ते तुमाले सांगाची गरज नाही.

आमी एका डीपीवर सगळ्यायले बसवून समजावलं अन् पॅनलमंदी टायमर लावले. पहिल्याची मोटार लाइन आल्यावर पंधरा सेकंदानं, दुसऱ्याची तीसनं, तिसऱ्याची पंचेचाळीसनं. तवापासून त्या डीपीची फ्यूज नाही गेली.

तुमच्या डब्याले असा टायमर लावता येत असंल तं पाहा.

बहारवाला · मंगळवार, दुपारी १:२०

वायरमन काका, माझ्या बागेच्या डीपीवर हे स्वतः पाहिलंय, आणि तरी प्रोग्राम लिहिताना डोक्यात आलं नाही. मनापासून आभार.

ताई, सर्व्हरची तिन्ही कामं केली. क्लोज पण टाकला. आता डब्याच्या थांबण्याचं नीट सांगा कोणीतरी. दर वेळी दुप्पट करायचं एवढं माहीत आहे.

कर्नलकट्टा · मंगळवार, दुपारी २:०५

नुसतं दुप्पट करून भागत नाही. सगळे एकदम फसले, सगळे २ सेकंद थांबले, सगळे एकदम परत आले. मग ४, मग ८. टोळी तशीच राहते, दोन धाडींमधलं अंतर फक्त वाढतं. म्हणून शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत कुठलाही आकडा दर वेळी नव्यानं काढायचा. साधारण असं:

पायरी = (फेरी > ७) ? ७ : फेरी;
कमाल = २००० << पायरी;
थांब = यादृच्छिक() % (कमाल + १);

फेरी म्हणजे याआधी किती वेळा थांबून झालं, आणि शिफ्ट म्हणजे २००० तितक्या वेळा दुप्पट. आकडे मिलिसेकंदांत आहेत. सेकंदांत घेतलंत तर पहिल्या फेरीला ०, १, २ एवढेच पर्याय उरतात आणि ४६ डबे तीन ढिगांत पडतात. वरची मर्यादा २५६ सेकंद.

पायरी आधीच ७ वर अडवली आहे, ती ओळ गाळू नका. फेरी मोजत गेली आणि शिफ्ट इंटच्या (पूर्णांकाच्या ठरलेल्या जागेच्या) बाहेर गेली की सी मध्ये काय होईल याची हमी नाही. थांब शून्य होईल किंवा उणे होईल, आणि रात्रभर रेंज नसलेला डबा पहाटे सर्व्हरवर सेकंदाला शंभर कनेक्ट मारेल.

ही युक्ती फार जुनी आहे. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन यांच्या गटानं १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं. सगळ्या बेटांवरची यंत्रं एकाच रेडिओ लहरीवर बोलायची, आणि दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जायचं. मग प्रत्येकानं आपापला कुठलाही वेळ थांबून पुन्हा बोलायचं. इथरनेटनं त्यात दुप्पट करणं जोडलं: दहाव्या टकरीपर्यंत पल्ला वाढत जातो, सोळाव्याला प्रयत्न सोडून देतात.

कनेक्टचं बाकीचं भराभर. ईइनप्रोग्रेस (जोडणी अजून चालू आहे) आलं की पोल. पोलनं लिहिण्याची तयारी दाखवली म्हणजे जोडणी झाली असं नाही, फसल्यावरही तो तेच दाखवतो, म्हणून गेटसॉकऑप्टनं एसओ_एरर (जोडणीचा खरा निकाल) वाचायचाच. मध्ये सिग्नल येऊन पोलला ईआयएनटीआर मिळालं तर पुन्हा पूर्ण १० सेकंद द्यायचे नाहीत, उरलेले तेवढेच. ते मोजायला क्लॉक_मोनोटॉनिक (सरळ पुढेच जाणारं घड्याळ) घ्या. भिंतीवरच्या घड्याळानं मोजलंत आणि मध्येच एनटीपीनं (नेटवरून वेळ लावणारी सेवा) वेळ दुरुस्त केली, तर मुदत पन्नास वर्षांपूर्वीच संपलेली दिसेल.

धुऱ्यावरून · मंगळवार, सायंकाळी ५:३०

एक विसरू नका: फेरीचा आकडा पुन्हा शून्य कधी करायचा. बहुतेक जण कनेक्ट लागला की करतात. ते चूक आहे. टीसीपी लागला, टीएलएस फसला, फेरी शून्य, पुन्हा दोन सेकंदांच्या आत हजर. सर्व्हर बेजार असताना नेमकं असंच घडतं. आकडे पोचले आणि सर्व्हरनं पोच दिली, तेव्हाच शून्य करा.

आणि सगळ्या चुका एका मापानं मोजू नका. ईनेटअनरीच म्हणजे डोंगलच अजून उठलेलं नाही, सर्व्हरवर काही भार पडलेला नाही. तिथे फेरी वाढवू नका, लिंक यायची वाट पाहा. नाव शोधताना ईएआय_अगेन आलं तर थांबून पुन्हा. सर्टिफिकेट 'अजून वैध नाही' म्हणत असेल तर कितीही वेळा हात मिळवा, काही होणार नाही. बोर्डात घड्याळाची बॅटरी नसेल तर ते १९७० सालात जागं होतं. आधी वेळ दुरुस्त करा.

बहारवाला · बुधवार, रात्री ८:१०

सगळं टाकलं. घड्याळाची बॅटरी नाहीच, पण ते मला आधी भोवलं होतं, म्हणून प्रोग्राम पहिल्यांदा एनटीपीनं वेळ लावतो आणि मगच सर्व्हरकडे जातो.

आज दुपारी लाइट आली. बराच फरक पडला, पाऊण तासाऐवजी बारा मिनिटांत बहुतेक डबे लागले. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये अजूनही टोळ्या दिसतायत. पंधरा-सोळा डबे एका क्षणी, मग शांतता, पुन्हा पंधरा-सोळा. यादृच्छिक असून असं कसं? तीन डब्यांचे लॉग उतरवून घेतले. पहिले तीन थांबे मिलिसेकंदांत:

डबा ४: १७४०, ३१२, ६९०५
डबा २२: १७४०, ३१२, ६९०५
डबा ३९: १७४०, ३१२, ६९०५

तीन वेगळ्या बागा, वेगळ्या विहिरी. डबा ३९ तर नदीच्या पलीकडे आहे.

शून्यपासून · बुधवार, रात्री ८:४०

यादृच्छिक आकडे देणाऱ्या रँडला सुरुवातीचं बीज देणारं एसरँड कुठे बोलावलंय? मेनच्या पहिल्याच ओळीत, टाइम(नल), म्हणजे घड्याळाची वेळ, देऊन, असं मला वाटतंय.

बहारवाला · बुधवार, रात्री ८:४४

होय. अगदी तसंच.

शून्यपासून · बुधवार, रात्री ९:१५

मग ऐका. रँड फासे टाकत नाही. बीज दिलं की त्यातून आकड्यांची एक ठरलेली माळ निघते. तेच बीज, तीच माळ, तुमच्या कुठल्याही बोर्डावर. तुमचे डबे एकाच क्षणी जागे होतात, सगळ्यांचं घड्याळ १९७० च्या १ जानेवारीवर असतं, आणि प्रोग्राम सुरू होईपर्यंत कुणाला १९ सेकंद लागतात, कुणाला २०, कुणाला २१. एनटीपी त्यानंतर येतो. म्हणजे ४६ डब्यांना मिळून बियाणं तीनच, १९, २० आणि २१. म्हणून तुम्हाला पंधरा-सोळाच्या तीन टोळ्या दिसल्या.

टेबलावर हे कधीच सापडत नाही. तिथे घड्याळ बरोबर असतं आणि आपण बोर्ड एकेक करून चालू करतो. माझा महिना यातच गेला.

बीज कर्नलच्या गेटरँडमकडून घ्या, तुमच्या ४.१९ वर ते आहे. पण बूट होताच अशा लहान बोर्डावर कर्नलकडे पुरेशी यादृच्छिकता जमलेली नसते आणि ते कॉल अडून बसू शकतं. म्हणून न अडणारा झेंडा लावून मागा, मिळालं तर घ्या, आणि सोबत डोंगलचा पंधरा आकडी आयएमईआय मिसळाच. तो दोन डब्यांना सारखा नसतो. गुपित राखण्यासाठी हे पुरेसं नाही, टीएलएसला चाव्या लागतात त्या ओपनएसएसएल स्वतः बघतं. आपल्याला फक्त डबे एकमेकांपासून वेगळे करायचेत.

धुऱ्यावरून · बुधवार, रात्री १०:००

मी अजून एक पाऊल पुढे जाईन. पहिल्या प्रयत्नाला यादृच्छिक कशाला हवं? डबे अनोळखी नाहीत, सगळे तुमचेच आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे. कालव्याच्या पाण्याला पाळी असते तशी पाळी लावा. क्रमांक गुणिले ४ सेकंद. एका डब्याला दोन-तीन सेकंद लागतात, चार दिले की मागचा उरकलेला असतो. ४६ डबे, १८४ सेकंद, तीन मिनिटांत सगळे. वायरमन काकांनी डीपीवर हेच केलं.

कर्नलकट्टा · बुधवार, रात्री १०:२०

पाळी मला तितकी पटत नाही. एक डबा चार सेकंदांऐवजी नऊ सेकंद खाऊन बसला की मागच्या सगळ्यांची पाळी मोडते. उद्या डबे ४६ चे २०० झाले, किंवा कोणी बोर्ड बदलताना जुनाच क्रमांक ठेवला, तर कोण बघणार? यादृच्छिकला कुणी सांभाळावं लागत नाही.

धुऱ्यावरून · बुधवार, रात्री १०:३५

मान्य. म्हणून पाळी फक्त पहिल्या प्रयत्नाला. पाळी चुकली की पुढचं सगळं तुमच्या सूत्रानं. पण पहिला प्रयत्न कुठेतरी पसरवावाच लागेल. वाढत्या अंतरानं थांबणं फसल्यानंतर सुरू होतं, आणि इथे पहिलीच धाड सर्व्हरला आडवं करते.

एनटीपीच्या आधीही तीच पाळी लावा. वेळ मागायला ४६ डबे एकदम गावच्या एका टॉवरवर जातात, तिथेही तेच होत असणार.

आर्वी_वायरमन · गुरुवार, सकाळी ६:३०

पाळीच लावा भाऊ. पण काही लोक टायमर काढून फेकतात, आपली मोटार पयले सुरू झाली पाह्यजे म्हणून. डब्यायचं तसं नाही हे बरं हाये.

अन् बॅटरीचं पाहा. नवी टाकली तं डबा लाइट गेल्यावर बंदच पडणार नाही, मंग एवढी गर्दीच होत नाही.

बहारवाला · शनिवार, रात्री ९:००

गुरुवारी रात्री कोड बदलला, शुक्रवारी दोघं मिळून गाडीवर फिरलो आणि ४६ डब्यांत टाकला. बियात आयएमईआय मिसळला. पहिल्या प्रयत्नाला पाळी, एनटीपीच्या आधी. पुढे कर्नलकट्टा यांचं सूत्र. फेरी शून्य होते ती सर्व्हरच्या पोचेवरच. सर्व्हर आता पोलवर एकदम अनेकांना घेतो, प्रत्येकाच्या हँडशेकला १५ सेकंदांची मुदत आहे. नव्या बॅटऱ्यांसाठी वर्गणी काढायचं ठरलंय, संत्र्याचे पैसे आले की.

आज सकाळी लाइट आली तेव्हा लॉगसमोर बसून होतो. चार-चार सेकंदांनी एकेक ओळ पडत होती. ३८ डबे पहिल्याच हाकेत लागले, सात जणांना दुसरी-तिसरी फेरी लागली, आणि सातही वेगवेगळ्या क्षणी आले. चार मिनिटांच्या आत ४५.

दोन फुटांवरचे आकडे पाहून नदीकडच्या अकरा बागांचा ताण उद्या तोडायचा ठरवलाय, वरच्या मुरमाड बागांना आजच पाणी सोडलं.

राहिला फक्त डबा ३१. तो स्वतःच्या लॉगमध्ये ईनेटअनरीच सांगतोय, म्हणजे डोंगलला टॉवरच सापडत नाही. उद्या सकाळी अँटेना खोलीच्या छपरावर काढून पाहतो.